महापालिकेची मतदार यादी नेमकी कोणाची? नागपुरातील नोंदणी, प्रभाग आणि चार मतांविषयी

आपल्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपले कुटुंब तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतील वडिलोपार्जित घर सोडून बेसा येथील सदनिकेत राहावयास गेले. १५ जानेवारी २०२६ रोजी नागपूर महानगरपालिकेचे मतदान झाले, तेव्हा आपल्या पतींचे नाव महालातील जुन्या केंद्रावर सापडले व त्यांनी मतदान केले. आपले नाव मात्र त्या यादीत नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वर्षे पूर्ण केलेल्या मुलीचे नाव कुठेच नव्हते, आणि दिवंगत सासूबाईंचे नाव छायाचित्रासह कायम होते. चौकशीला गेल्यावर एका कार्यालयाने ‘यादी आमची नाही’ असे सांगितले आणि दुसऱ्याने ‘निवडणूक आमची नाही’ असे. शिवाय पतींना चार वेळा बटण का दाबावे लागले, हेही आपल्याला समजून घ्यायचे आहे.

निवडणूक शाखेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला या प्रश्नात नवे काही नाही. दोन्ही कार्यालयांची उत्तरे अपुरी होती, पण खोटी नव्हती. आणि ती दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, हे कळले की बाकीचा गुंता बराचसा सुटतो.

लोकसभा व विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. महानगरपालिका, नगर परिषदा, नगर पंचायती, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर निर्माण झालेली ही स्वतंत्र घटनात्मक संस्था आहे आणि ती दिल्लीच्या आयोगाची शाखा नाही. केरळात स्थानिक निवडणुकांसाठी राज्य आयोग स्वतःची वेगळी मतदार यादी तयार करतो, उत्तर प्रदेशात पंचायतींसाठीही तसेच आहे. महाराष्ट्रात मात्र राज्य आयोग कोणाचीही नवी नोंदणी करत नाही. विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोगाने केलेली यादी तो एका ठरावीक दिनांकाला जशीच्या तशी उचलतो आणि प्रभागांच्या सीमांनुसार तिचे तुकडे पाडतो. आमच्या बोलण्यात म्हणायचे तर कापड विधानसभेचे आणि कात्री महापालिकेची. कापडाला भोक असेल तर कात्रीने ते बुजत नाही.

म्हणूनच प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा त्या हरकतींचा आवाका लोकांना वाटतो त्याहून फार लहान असतो. लेखनिकाच्या हातून राहिलेली चूक, एका प्रभागातील मतदार शेजारच्या प्रभागात पडणे, आणि विधानसभेच्या यादीत नाव असूनही प्रभागाच्या यादीत ते न येणे, एवढेच त्या टप्प्यावर दुरुस्त होते. नवे नाव घालणे, मृताचे नाव वगळणे, नावातील किंवा पत्त्यातील बदल यांपैकी काहीही महापालिकेच्या झोन कार्यालयाला करता येत नाही. नागपुरात लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत दहा झोन आहेत आणि हरकतींच्या दिवसांत प्रत्येक ठिकाणी रांगेत निम्मी माणसे अशाच कामासाठी उभी असतात, जे काम तेथे होणारच नसते. त्यांना परत पाठवणाऱ्या कर्मचाऱ्यावर लोक चिडतात. त्याने निदान पुढचा पत्ता नीट सांगावा, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

आता दिनांकाकडे येऊ, कारण आपल्या मुलीचे उत्तर त्यातच आहे. या वेळच्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी ग्राह्य धरली गेली. मतदान झाले जानेवारीत, यादी गोठली होती जुलैत. मधल्या साडेसहा महिन्यांत ज्यांनी अठरावे वर्ष पूर्ण केले, नवीन घर घेतले किंवा नव्याने अर्ज केला, त्यांच्यापैकी कोणाचीही नोंद या निवडणुकीपुरती उपयोगाची नव्हती. आपली मुलगी सप्टेंबरात अठरा वर्षांची झाली. तिने त्याच दिवशी अर्ज केला असता तरी महापालिकेच्या यादीत तिचे नाव आले नसते. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही, पण हे आधी कोणी घसा कोरडा करून सांगत नाही, आणि पहिल्या मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत फिरलेली मुले पुढे कित्येक वर्षे नाव नोंदवतच नाहीत, असे मी पाहिले आहे.

विधानसभेच्या वेळी असे होत नाही. तेथे निवडणूक जाहीर झाल्यानंतरही उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसाच्या थोडे आधीपर्यंत आलेले अर्ज विचारात घेतले जातात आणि पुरवणी यादी निघते. लोकांच्या डोक्यात हाच अनुभव बसलेला असतो. आचारसंहिता लागली, फलक लागले, की आता नाव घालून घेऊ असे ते म्हणतात. स्थानिक निवडणुकीत तोपर्यंत दार केव्हाच बंद झालेले असते. त्यामुळे माझे मत असे की, स्थानिक निवडणुकीची खरी तयारी निवडणुकीची कोणतीही चर्चा नसताना करावी लागते. तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत ज्या दिवशी अजिबात गर्दी नसते, तो दिवस अर्जासाठी सर्वांत उत्तम.

यादीचे तुकडे पाडण्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण आपले नाव हरवण्याची एक वाट तेथून जाते. विधानसभेची यादी ‘भागां’त विभागलेली असते. एक भाग म्हणजे साधारणपणे एका मतदान केंद्राचे मतदार, हजार-बाराशे किंवा थोडे अधिक. भागाच्या पोटात ‘विभाग’ असतात आणि प्रत्येक विभागाला वस्तीचे, गल्लीचे किंवा ले-आउटचे नाव असते. विधानसभेचा भाग ठरताना प्रभागाची सीमा कोणाच्याही समोर नसते, कारण प्रभाग पुष्कळदा नंतर ठरतात आणि बदलतात. नागपूरचेच पाहा. २०१७ च्या निवडणुकीत ३८ प्रभाग होते, ३७ प्रभागांत प्रत्येकी चार जागा आणि एकात तीन, अशा एकूण १५१. २०२२ मध्ये मुदत संपण्याच्या सुमारास तीन सदस्यांचे ५२ प्रभाग आणि १५६ जागा अशी रचना झाली होती, ती पुढे रद्द झाली. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक राहिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर गाडी पुन्हा रुळावर आली तेव्हा ३८ प्रभाग व १५१ जागांची जुनीच चौकट स्वीकारली गेली. या चार वर्षांत प्रभागांचे आकडे दोनदा बदलले. यादीचे भाग मात्र आपल्या वेगळ्याच हिशेबाने चालत राहिले.

प्रभागाची सीमा कागदावर रस्ते, नाले, नद्या आणि रेल्वेमार्ग यांच्या आधारे लिहिलेली असते: अमुक चौकापासून पूर्वेकडे रस्त्याच्या मध्यरेषेने तमुक नाल्यापर्यंत, तेथून नाल्याच्या काठाने दक्षिणेकडे, असे. ही रेषा यादीच्या एखाद्या भागातून गेली की तो भाग फोडावा लागतो. विभाग पूर्णपणे एका बाजूला असेल तर काम सोपे असते. विभागच रेषेवर असेल तर घरक्रमांक पाहून एकेक मतदार या किंवा त्या प्रभागात टाकावा लागतो आणि तेथे खरी कसोटी लागते. नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याने जागेवर जाऊन घरे पाहायची असतात. वेळ थोडा असला की हे काम टेबलावर बसून उरकले जाते, आणि मग एकाच घरातील बाप एका प्रभागात व लेक दुसऱ्यात, असा प्रकार घडतो.

त्यात नागपूरच्या पत्त्यांची स्वतःची एक तऱ्हा आहे. जुन्या शहरात, म्हणजे महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी अशा भागांत पत्ता ओळखीच्या खुणांनी सांगितला जातो: अमक्या वाड्यामागे, तमक्या मंदिराजवळ. बाहेरच्या वस्त्यांमध्ये सगळा कारभार प्लॉट क्रमांकावर चालतो. शेतजमिनीवर गृहनिर्माण संस्थांनी पाडलेल्या प्रत्येक ले-आउटला आपापले १ पासूनचे क्रमांक असतात, त्यामुळे एकमेकांना लागून असलेल्या तीन ले-आउटांत प्लॉट क्रमांक २४ तीनदा येतो. मतदार यादीतील घरक्रमांकाच्या चौकटीत काहींचा प्लॉट क्रमांक असतो, काहींचा मालमत्ता कराच्या मागणीपत्रावरील घर क्रमांक असतो, आणि बऱ्याच जणांचे तेथे नुसते शून्य असते. ज्याच्या चौकटीत शून्य आहे त्याला सीमेवरच्या विभागात कोणत्या बाजूला टाकायचे, याचे उत्तर कार्यालयात बसून कोणालाही देता येणार नाही. अर्ज भरताना पत्त्यात ले-आउटचे किंवा संस्थेचे नाव, प्लॉट क्रमांक आणि सदनिका क्रमांक हे तिन्ही लिहावेत, हा माझा आग्रह याच कारणासाठी असतो.

आता आपले नाव. महालातील यादीत ते न सापडण्याची तीन कारणे संभवतात, आणि त्यांतील कोणते लागू आहे हे घरबसल्या कळू शकते. मतदार ओळखपत्रावर तीन इंग्रजी अक्षरे आणि सात अंक असा क्रमांक असतो. भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर त्या क्रमांकाने शोध घ्यावा. नावाने शोधू नये. मराठी नावाचे इंग्रजी स्पेलिंग यादीत कसे पडले असेल याचा भरवसा नसतो, आणि ‘देशमुख’ किंवा ‘मेश्राम’ शोधायला गेल्यास शेकडो नोंदी समोर येतात. क्रमांकाने नोंद मिळाली तर तीत विधानसभा मतदारसंघ, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिसेल. तो मतदारसंघ ५५ नागपूर मध्य असेल, तर आपले नाव विधानसभेच्या यादीत शाबूत आहे आणि प्रभाग पाडताना ते शेजारच्या प्रभागात गेले. मतदानाच्या दिवशी आपण पतींच्या केंद्रावरच शोध घेतला. बहुधा आपले नाव दुसऱ्या केंद्रावर आपली वाट पाहत होते.

नोंद मिळाली, पण ती दुसऱ्याच गावची निघाली, असेही होते. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत हे फार घडते: माहेरची नोंद तशीच राहते, सासरी नव्याने नाव लागते, आणि पुढे दुबार नोंदींची छाननी झाली की त्यांतली नेमकी सासरची उडते. तिसरी शक्यता अशी की नोंद मुळीच मिळणार नाही. महालातील घराला कुलूप पाहून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, ज्याला सर्व जण बीएलओ म्हणतात, ‘स्थलांतरित’ असा अहवाल दिला असेल आणि त्यावरून नाव वगळले गेले असेल. वगळण्याआधी नोटीस द्यावी लागते. पण नोटीस जाते यादीतल्या पत्त्यावर, म्हणजे आपल्या बाबतीत त्याच कुलूपबंद दारावर. ओळखपत्र हातात आहे, म्हणजे मत आहे, असा समज सार्वत्रिक आहे. मत यादीतील नावाला असते. ओळखपत्र केवळ आपणच ती व्यक्ती आहोत एवढे सिद्ध करते, आणि तेवढ्यासाठी आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवानाही चालतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला मुद्दा आपल्याला कदाचित आवडणार नाही, तरी सांगायला हवा. बेसा नागपूर महानगरपालिकेत नाही. बेसा-पिपळा ही स्वतंत्र नगर पंचायत आहे आणि तिची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये, म्हणजे महापालिकेच्या आधीच, होऊन गेली. विधानसभेसाठी तो भाग ५८ कामठी मतदारसंघात येतो आणि लोकसभेसाठी रामटेकमध्ये. बसथांब्यावर उभे राहिले तर हे सारे एकच शहर वाटते, परंतु कायद्याच्या दृष्टीने आपण तीन वर्षांपूर्वी शहर, विधानसभा आणि लोकसभा अशा तिन्ही सीमा ओलांडल्या आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे मतदार म्हणून नोंद होण्यासाठी त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावे लागते, आणि केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्याने माणूस तेथील रहिवासी ठरत नाही, असे त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट लिहिले आहे. महालातील वाडा आपल्या नावावर असेल, सणावाराला आपण तेथे जमतही असाल. पण चूल बेशात पेटते, तर नावही बेशातच हवे.

पुष्कळ कुटुंबे जाणूनबुजून जुन्या ठिकाणची नोंद ठेवतात. जुना नगरसेवक ओळखीचा असतो, बारशाला-तेराव्याला येतो, कामे करून देतो. हा जिव्हाळा मी समजू शकतो, पण व्यवहार पाहिला तर तो तोट्याचा आहे. आपल्या इमारतीसमोरची नाली, उन्हाळ्यातील पाणी, ले-आउटमधले अपुरे रस्ते यांचे निर्णय ज्या नगर पंचायतीत होतात, तेथे आपल्या घरातील एकही मत पडलेले नाही, आणि जेथे पडले तेथील कर आपण भरत असलात तरी तेथला कचरा आपला नाही. जिल्ह्यात असे कितीतरी आहेत. वाडी, वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह, बहादुरा, गोधनी अशा शहरालगतच्या वस्त्यांमध्ये राहणारे बरेच लोक मूळचे नागपूरचे, आणि त्यांतल्या अनेकांची मते अजून शहरात अडकलेली आहेत.

तेव्हा करावयाचे काम असे. आपण आणि आपल्या पतींनी अर्ज क्रमांक ८ भरावा. पूर्वी मतदारसंघ बदलला की जुन्या ठिकाणी नाव वगळण्याचा आणि नव्या ठिकाणी नाव घालण्याचा असे दोन अर्ज करावे लागत. १ ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतर, नोंदीतील दुरुस्ती, ओळखपत्राची दुसरी प्रत आणि दिव्यांगत्वाची नोंद हे सर्व अर्ज ८ मध्येच होते. त्यात ‘निवासस्थान बदल’ हा पर्याय आणि त्याखाली ‘मतदारसंघाबाहेर’ हा उपपर्याय निवडावा. आपला ओळखपत्र क्रमांक तोच राहतो, नोंद फक्त नव्या मतदारसंघात जाते आणि जुनी वगळण्याची कार्यवाही कार्यालयाकडूनच होते. शोधात आपली नोंद मुळीच मिळाली नाही, तर मात्र अर्ज ८ चा उपयोग नाही. जे यादीत नाही ते हलवता येत नाही, म्हणून आपल्याला नव्याने अर्ज ६ करावा लागेल. उलट नोंद अस्तित्वात असताना अर्ज ६ भरू नये. त्यात ‘माझे नाव अन्य कोणत्याही यादीत नाही’ असे प्रतिज्ञापन असते आणि खोट्या प्रतिज्ञापनाला एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आजच्या दुबार मतदारांपैकी मोठा वर्ग लबाडांचा नाही. चुकीचा अर्ज निवडलेल्या साध्या माणसांचा आहे.

दुबारांचा विषय निघालाच आहे, तर या वेळची तरतूदही सांगतो. राज्य निवडणूक आयोगाला विधानसभेच्या यादीतून नावे वगळता येत नसल्याने त्याने संभाव्य दुबार नोंदींपुढे प्रभागाच्या यादीत दोन तारांकनचिन्हे छापली. अशा मतदाराने कोणत्या एका केंद्रावर मतदान करणार ते आधी कळवायचे, आणि न कळवता थेट केंद्रावर आल्यास अन्यत्र मतदान केले नाही व करणार नाही असे हमीपत्र द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. उपाय बरा होता, पण तो पट्टी बांधण्यासारखाच. जखम भरते ती मूळ यादीत. आपल्या नावापुढे अशी दोन चिन्हे दिसली असतील, तर दुसरी नोंद कोठे आहे ते शोधून तिच्यासाठी अर्ज ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, भरून टाकावा.

पत्त्याच्या पुराव्यासाठी बेशाच्या सदनिकेचे वीजबिल, नवीन पत्त्याचे आधार, बँकेचे पासबुक, पासपोर्ट किंवा नोंदणीकृत खरेदीखत यांपैकी एक पुरेसे आहे. भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार चालतो. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर परस्पर केलेला करारनामा घेऊन येणारे फार असतात, त्यांना परत जावे लागते. कोणताच कागद नसेल तर बीएलओने प्रत्यक्ष येऊन खात्री करायची असते, म्हणून कागदाअभावी अर्जच न करणे हे योग्य नाही. आणि अर्ज शक्यतो स्वतः भरावा. निवडणुकीच्या हंगामात वस्तीतील कार्यकर्ते गठ्ठ्याने अर्ज गोळा करतात. त्यांतले काही मनापासून काम करतात, पण आपला अर्ज कार्यालयात पोचला की त्यांच्या गाडीच्या डिकीत राहिला, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. ऑनलाइन किंवा समक्ष दिलेल्या अर्जाला संदर्भ क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा.

मुलीसाठी अर्ज ६. आता वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली की नाही हे ज्या दिवशी पाहतात ते दिवस, असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही देता येतो. ती १ ऑक्टोबर २०२५ पासून पात्र आहे. तिचा अर्ज बेशाच्या पत्त्याने करावा, आणि त्यात आई किंवा वडिलांचा ओळखपत्र क्रमांक द्यावा. येथे एक व्यावहारिक अडचण येते: पालकांची नोंद नागपूर मध्यमध्ये आणि मुलीचा अर्ज कामठीत, असे दिसले की बीएलओ साहजिकच थबकतो. म्हणून तिघांचे अर्ज एकाच दिवशी करावेत आणि बीएलओ घरी येईल तेव्हा कोणीतरी घरी असेल असे पाहावे. सुरक्षारक्षकाने फाटकावरूनच त्याला परत पाठवणे, हे सदनिकांच्या संकुलांतील अर्ज फेटाळले जाण्याचे सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत नेहमीचे कारण आहे. ती पुढे शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात गेली, तर घरच्या पत्त्यावर नाव ठेवावे की वसतिगृहाच्या, हे तिने ठरवावे. दोन्हीकडे ठेवता येणार नाही.

चार मतांचे कोडे आता सोपे वाटेल. नागपूर महापालिकेत तीन जागांचा एक प्रभाग सोडला तर एका प्रभागातून चार सदस्य निवडले जातात, मात्र चौघे एकाच रांगेतून नव्हे. प्रभागात अ, ब, क आणि ड अशा चार जागा असतात आणि प्रत्येक जागेचे आरक्षण सोडतीने ठरते: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नागरिकांचा मागास प्रवर्ग किंवा सर्वसाधारण, आणि त्यांत महिलांसाठी निम्म्या जागा. प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते, तिचे उमेदवार स्वतंत्र आणि ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्यायही स्वतंत्र. मतदाराने चारही जागांसाठी एकेक बटण दाबले की मगच मत पूर्ण झाल्याचा लांब आवाज येतो. एका आवडत्या उमेदवाराचे बटण दाबून निघणाऱ्यांना मतदान अधिकारी थांबवतो, ते यामुळे. यंत्रासोबत चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट स्थानिक निवडणुकीत नसते, त्याबद्दलही लोक केंद्रावर विचारतात.

या पद्धतीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. साठ-पासष्ट हजार लोकसंख्येच्या प्रभागाला चार नगरसेवक असले की तुंबलेल्या गटाराचा धनी कोण, हे ठरत नाही. अपक्षाला एवढा मोठा प्रभाग पायी फिरणे अशक्य होते आणि पक्षाच्या चौकडीला मते एकगठ्ठा जातात. जाणकारांपैकी काही जण उलटही सांगतात, की एकच नगरसेवक निष्क्रिय निघाला तर लोकांना दुसरे दार राहते. महापौराला मात्र आपण थेट निवडत नाही. त्याची निवड निवडून आलेले सदस्य अडीच वर्षांसाठी करतात आणि ते पदही सोडतीने आरक्षित होते. बेशात चित्र वेगळे आहे. नगर पंचायतीत १७ प्रभाग, प्रत्येकी एक सदस्य, आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे पुढच्या खेपेस आपल्याला दोनच मते द्यायची आहेत, एक आपल्या गल्लीतील सदस्यासाठी आणि एक नगराध्यक्षासाठी.

राहिला सासूबाईंच्या नावाचा प्रश्न. मृत्यूची नोंद महापालिकेत झाली म्हणजे मतदार यादीतून नाव आपोआप जाते, असे अनुभवास येत नाही. अर्ज ७ त्याच मतदारसंघातील मतदाराने द्यायचा असतो, म्हणून आपल्या पतींनी स्वतःचा अर्ज ८ देण्याआधी, त्यांचे नाव अजून नागपूर मध्यमध्ये असतानाच, मृत्यू प्रमाणपत्राच्या प्रतीसह तो देऊन टाकावा. हा क्रम उलटा झाला तर महालात राहणाऱ्या एखाद्या नातलगाला गळ घालावी लागेल. अर्ज आल्यावर त्याची माहिती प्रसिद्ध होते, हरकतींसाठी सात दिवस ठेवले जातात, आणि मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. आपल्यापैकी कोणाचाही अर्ज फेटाळला गेला, तर त्या आदेशाविरुद्ध १५ दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि त्यांचाही निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. अपिलासाठी आदेशाची प्रत लागते, ती मागून घ्यावी. तोंडी ‘रिजेक्ट झाला’ एवढ्यावर परत येऊ नये.